अडकलेला वरचा सुळा: या चुका टाळा

सांगली-मिरजेत ऑर्थोडॉन्टिस्टची, म्हणजे वेडेवाकडे दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांची, वानवा नाही. तरीही पक्का सुळा बाहेर न येता जबड्यात अडकलेलं पोर त्यांच्यापर्यंत पोचतं ते आठवी-नववीत. पोचायला हवं पाचवीत.

पहिली आणि मूळ चूक: दहाव्या वर्षी हिरडीवर बोट न फिरवणं. पोर किडलेली दाढ घेऊन दातांच्या डॉक्टरकडे येतं, दाढ भरली की पुढचा पेशंट! तपासायला दहा सेकंद लागतात. दोन्ही तर्जन्या ओठाच्या आतून दुधाच्या सुळ्यांच्या वर, हिरडी गालाकडे वळते तिथपर्यंत न्यायच्या. दोन्ही एकदमच, कारण डाव्या-उजव्यातला फरक हीच मोठी खूण. गोल, टणक उंचवटा लागला तर ठीक, तो येऊ घातलेला पक्का सुळा. उभी, अरुंद कड लागली तर ती दुधाच्या सुळ्याची किंवा पहिल्या उपदाढेची मुळी. घाईच्या बोटाला तोच सुळा वाटतो. मग दुधाचा सुळा हलवून बघायचा. शेजारचा पटाशीचा दात खुंटीएवढा असेल किंवा आलाच नसेल, तर सुळा टाळूकडे भरकटण्याचा धोका जास्त.

दुसरी चूक म्हणजे "येईल हळूहळू". तासगाव भागात नेहमी दिसणारा क्रम असा: मुलगी दहाची, एका बाजूला उंचवटा नाही. डॉक्टर म्हणतात, मुलींचे दात उशिरा येतात. (उलट आहे. मुलींचे सुळे मुलांच्या आधी येतात.) आईवडील म्हणतात, छाटणी उरकली की येतो. छाटणीनंतर द्राक्षं, द्राक्षांनंतर शिष्यवृत्ती परीक्षा. तेराव्या वर्षी एक्स-रे निघतो तेव्हा सुळ्याने शेजारच्या दाताची मुळी निम्मी खाल्लेली असते. दुखत काहीच नाही, म्हणून कोणी येतही नाही.

वेळेत पाठवलं तर बऱ्याचदा दुधाचा सुळा काढण्यावर भागतं. एरिकसन आणि कुरोल यांच्या १९८८ च्या अभ्यासात १० ते १३ वर्षांच्या मुलांचे टाळूकडे वळलेले ४६ पैकी ३६ सुळे तेवढ्यानेच मार्गावर आले. मात्र त्या मुलांच्या जबड्यात जागा होती. जागा न बघता, एक्स-रे न काढता दात उपटून "आता येईल" म्हणणारे उतावळे हेच विसरतात. काढल्यावर वर्षभरात एक्स-रेत सुधारणा दिसली नाही, तर आणखी थांबू नये.

एकाच ओपीजीवर (पूर्ण जबड्याच्या एक्स-रेवर) सुळा टाळूकडे की ओठाकडे हे ठरवू नका. एक्स-रे मशीनची ट्यूब सरकवून दोन छोटे एक्स-रे घ्या: ट्यूबच्या दिशेनेच सरकलेला सुळा टाळूकडचा, उलट सरकलेला ओठाकडचा. सरसकट सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय स्कॅन) लिहिणं हा आळस आहे. मुळी झिजल्याचा संशय असेल तेव्हा ती घ्यावी.

आणि ऑर्थोडॉन्टिस्टकडे पाठवतानाची चिठ्ठी. "सुळ्यासाठी पाठवत आहे" एवढ्यावर कोणी काय करायचं? वय, उंचवटा कुठल्या बाजूला लागला, दुधाचा सुळा हलतो का, शेजारचा दात कसा आहे हे लिहा, आणि एक्स-रे मूळच द्या. ट्यूबलाइटखाली मोबाइलवर काढलेल्या फोटोत मुळीचं टोक दिसत नाही.