चाळ, चमकी आणि व्हिसा: क्विअर परफॉर्मन्स रेसिडेन्सीला अर्ज करणाऱ्यांसाठी

इन्स्टावर मला एकच प्रश्न सारखा येतो. कुणी दादा म्हणून विचारतं, कुणी ताई म्हणून; मी दोन्हीला ओ देतो. ‘ते पर्यावरणवालं, परदेशातलं, क्विअर कलाकारांचं जे असतं, त्याला अर्ज कसा करायचा?’ म्हणजे समलिंगी, ट्रान्स आणि चौकटीबाहेरच्या कलाकारांना पर्यावरणाच्या विषयावरची परदेशी रेसिडेन्सी कशी मिळवायची. उत्तर एकदाच लिहून टाकतो. मी मूळचा सोलापूरकडचा, आता पुण्यात. लावणी नाचतो, आणि तीच लावणी मोडून-जोडून एकट्याचे प्रयोग करतो. तिकडे राहून आलोय आणि तिकडच्या कलाकाराला इकडे ठेवूनही घेतलंय. लिहिताना मी तुला ‘गं’ म्हणणार आहे. पटत नसेल तर ‘रे’ वाच, मजकूर तोच.

रेसिडेन्सी म्हणजे काही आठवडे किंवा महिने राहायला खोली, सरावाला जागा, रोजचा भत्ता आणि शेवटी लोकांना कामाचा कच्चा खर्डा दाखवणं. अदलाबदलीची असेल तर तू तिकडे जातेस आणि तिकडचं कुणीतरी इकडे येतं. हा दुसरा अर्धा भाग बहुतेक जण अर्जात शेवटच्या दोन ओळींत उरकतात. माझं म्हणणं आहे की अर्जाची सुरुवातच तिथून कर. निवड करणाऱ्यांना ‘मी येईन, शिकेन, समृद्ध होईन’ हे वाचून कंटाळा आलेला असतो. तिकडचा माणूस इथे आल्यावर कुठे झोपेल, कुणाबरोबर सराव करेल आणि तो गेल्यावर इथे काय शिल्लक राहील, हे जिने लिहिलंय तिचा कागद बाजूला काढला जातो.

शोधायचं कुठे? ‘ऑन द मूव्ह’, ‘रेस आर्टिस’ आणि नेदरलँड्सचं ‘ट्रान्सआर्टिस्ट्स’ या तीन ठिकाणी जगभरच्या जाहिराती एकत्र मिळतात. आपल्या बाजूने प्रो हेल्वेशियाचं दिल्लीतलं ऑफिस (स्वित्झर्लंड), मॅक्सम्युलर भवन (जर्मनी), फ्रेंचांचं ‘व्हिला स्वागतम्’, इंग्लंडसाठी चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट आणि आपलं इनलॅक्स फाउंडेशन यांच्यावर नजर ठेव. नावात ‘क्विअर’ असलेल्याच जाहिराती शोधत बसू नकोस. साध्या जाहिरातीत क्विअर काम पाठवलं तर कुणी परत पाठवत नाही. आणि राहण्याचे पैसे कलाकाराकडूनच घेणाऱ्या जागा रेसिडेन्सी म्हणवतात, पण ते लॉजिंग आहे. सोडून दे.

अर्जात काय लिहायचं

आपल्यावर किती अन्याय झाला, हे पहिल्या परिच्छेदात नको. झालाय, मान्य. पण ६ सप्टेंबर २०१८ ला समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा निकाल आपल्या बाजूने लागला हे त्यांनाही माहीत असतं. त्यांना तुझं काम बघायचंय.

पर्यावरणाबद्दल लिहिताना ‘निसर्गाशी नातं’ वगैरे वाक्यं आली की खोडून टाक. या क्षेत्रात आधी काय झालंय ते वाच. ॲनी स्प्रिंकल आणि बेथ स्टीफन्स या अमेरिकी जोडप्याने २००८ मध्ये लोकांसमोर पृथ्वीशी लग्न लावलं. फ्रेंच नृत्यदिग्दर्शक जेरोम बेल आणि त्यांच्या कंपनीने २०१९ पासून विमानप्रवास बंद केला. ते व्हिडिओवरून तालीम घेतात, नाचणारे त्या-त्या गावातले असतात. बेल आणि ब्रिटिश दिग्दर्शिका केटी मिचेल यांनी स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या विदी नाट्यगृहाबरोबर असाच प्रयोग पुढे नेला, ज्यात संहिता फिरते आणि माणसं घरीच राहतात.

मला बेल यांच्याबद्दल आदर आहे, पण एक गोष्ट स्पष्ट लिहायला घाबरू नको. अर्धं आयुष्य जगभर नाचून झाल्यावर विमान सोडणं वेगळं, आणि ज्यांच्या पासपोर्टवर अजून एकही शिक्का नाही त्यांना घरी थांबा म्हणणं वेगळं. मी माझ्या अर्जात हेच लिहिलं होतं. मुलाखतीत त्याच मुद्द्यावर सगळ्यात जास्त बोलणं झालं.

आकडे हवेतच असतील तर ब्रिटनमधलं ‘थिएटर ग्रीन बुक’ वाच, म्हणजे नाटक पर्यावरणाला सांभाळून कसं करायचं याची मार्गदर्शिका. त्याच्या पहिल्या पायरीवर अपेक्षा अशी की नेपथ्य-वेशभूषेतलं निम्मं सामान आधी वापरलेलं असावं आणि ६५ टक्के पुढे कुणाच्या तरी उपयोगी पडावं. आता सांग, तमाशाच्या फडात याहून वेगळं काय चालतं? पेटी तीच, पडदा तोच, साडी मोठीची धाकटीला. पण हे ‘आमची थोर परंपरा’ म्हणून लिहिलंस तर ते हसून पान उलटतील. हिशोब म्हणून लिही: नऊवारी तीन, त्यातल्या दोन जुन्या बाजारातल्या, ब्लाउज एका जुन्या खणाचे, परत येताना एक साडी तिथल्या कलाकाराकडे राहणार.

विमान

मुंबईहून जर्मनी जाऊन-येऊन साधारण १३,००० किलोमीटर होतात. कार्बन मोजणारी यंत्रं वेगवेगळी उत्तरं देतात, पण एका प्रवाशामागे टन-दोन टन धर, म्हणजे सरासरी भारतीयाच्या वर्षभराच्या उत्सर्जनाच्या आसपास. लंडनच्या ‘ज्युलीज बायसिकल’ या संस्थेचं कलासंस्थांसाठीचं मोजमाप-साधन आहे, त्यात घालून बघ. युरोपातला कलाकार ‘मी ट्रेनने आलो’ असं मिरवू शकतो. आपल्याला तो रस्ता नाही. तेव्हा एकच फेरी आणि लांब मुक्काम माग. दोन आठवड्यांचे तीन दौरे कुणी देऊ केले तर ते जोडून एकच सहा आठवड्यांचा करायला सांग.

आणि थेट विमान माग. हा मुद्दा मी दोन कारणांनी अर्जाच्या बजेटमध्ये वेगळ्या ओळीत घालतो. पहिलं, मधे उतरून पुन्हा चढण्यात इंधन जास्त जातं. दुसरं जास्त महत्त्वाचं: स्वस्त तिकिटं दुबई किंवा दोह्यावरून जातात, आणि त्या दोन्ही देशांत समलैंगिक संबंध गुन्हा आहे. विमानतळाबाहेर पडायचं नसलं तरी पासपोर्टवरचा फोटो आणि समोर उभी असलेली तू यांत फरक असेल, बॅगेत विग आणि भरलेली चोळी असेल, तर रात्री तीन वाजता सुरक्षारक्षकाला काय सांगशील? थेट तिकीट महाग पडतं. तो फरक यजमानाने द्यायचा. ‘सुरक्षितता आणि उत्सर्जन’ असं कारण लिहिलं की मला तरी अजून कुणी नाही म्हटलेलं नाही.

कागद

शेंगेन व्हिसावर (युरोपातल्या बहुतेक देशांचा मिळून एकच व्हिसा) १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. त्याहून लांब रेसिडेन्सी असेल तर त्या देशाचा वेगळा, दीर्घ मुदतीचा व्हिसा लागतो आणि त्याला वेळही खूप लागतो. फी जून २०२४ पासून ९० युरो आहे. विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज देता येतो. तेव्हाच दे, कारण उन्हाळ्याच्या तोंडावर व्हिसा केंद्राची तारीख मिळणं मुश्कील. मानधन घेऊन प्रयोग त्या व्हिसावर चालतो का, हे देशागणिक बदलतं. यजमानाकडून लेखी उत्तर घे.

निमंत्रणपत्रावर पासपोर्टवरचं नाव हवं. रंगमंचावरचं नाव त्याच्या पुढे, ‘या नावाने परिचित’ असं. यजमान प्रेमाने फक्त तुझं आवडतं नाव लिहितात आणि खिडकीमागचा माणूस तो कागद परत करतो. नाव किंवा लिंगनोंद बदलायची असेल तर ती अर्जाच्या बरीच आधी पूर्ण कर किंवा परत आल्यावर सुरू कर; अर्धवट बदललेल्या कागदांवर व्हिसा मागू नको.

जोडीदाराला न्यायचं असेल तर त्याचा अर्ज स्वतंत्र आणि त्याच्या स्वतःच्या कागदांवर. १७ ऑक्टोबर २०२३ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतरही आपलं लग्न इथे कागदावर नाही, त्यामुळे ‘पती’ किंवा ‘पत्नी’ म्हणून दाखवायला हातात दाखला नसतो.

करारात एक कलम मी आग्रहाने घालून घेतो: फोटो, नाव आणि ओळख. कुठला फोटो कुठे टाकणार, त्याला कुठले शब्द जोडणार, कुणाला टॅग करणार, आणि मी सांगितलं की किती वेळात काढणार. त्यांना वाटतं सगळे घरी सांगून आलेत. आपल्याकडे चुलत भावाच्या मोबाइलवर तो फोटो संध्याकाळपर्यंत पोचतो.

बॅग

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण हे कुठल्याच मार्गदर्शिकेत नसतं.

चाळ, म्हणजे पायात बांधायचे घुंगरू. दोन्ही पायांचे मिळून वजन सहज पाच किलोच्या घरात जातं. चेक-इन बॅगेतच टाक, हातातल्या बॅगेत पितळेचे शेकडो घुंगरू एक्स-रेत दिसले की सगळी पिशवी उलटी होते. जाण्याआधी सरावाच्या खोलीच्या जमिनीचा फोटो मागव. लाकडी, पॉलिश केलेली असेल तर चाळाने ओरखडे पडतात आणि भरपाईचं बिल तुझ्या नावावर येतं. जाड प्लायवूडचे वापरलेले तक्ते मागून घे. कुठल्याही नाट्यगृहाच्या मागच्या बाजूला ते पडलेले असतात. जर्मनीत रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळायची असते, आणि रविवारी दिवसभर. चाळ बांधून करायचा सराव दुपारचाच ठरव. हिवाळ्यात जमीन गार असते, अनवाणी पाय बधिर होऊन ठेका सुटतो, म्हणून खोली तापवण्याबद्दलही आधीच विचार. तिथे मग ऊर्जा वाचवण्याचं प्रवचन ऐकावं लागेल. ऐक, आणि हीटर लाव.

ढोलकी नेऊ नको. ती फुटते, आणि कच्च्या कातड्यावरून कस्टमवाले प्रश्न काढतात. ठेका रेकॉर्ड करून ने किंवा तिथल्या तालवाद्यवाल्याबरोबर बस. मोरपिसं तर अजिबात नको. भारतातून मोरपिसांच्या निर्यातीला बंदी आहे, हे पुष्कळ जणांना विमानतळावर कळतं. ताजा गजराही नाही. युरोपात फुलं-रोपांना वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो. क्रोशाचा गजरा विणून घे, दर प्रयोगाला तोच चालतो. गंगावन घरचं.

चमकी. हा आपल्या लोकांचा हळवा विषय, म्हणून नीट सांगतो. साधी चमकी म्हणजे प्लास्टिकचे बारीक तुकडे. युरोपीय संघाने १७ ऑक्टोबर २०२३ पासून सुट्या प्लास्टिक चमकीच्या विक्रीवर निर्बंध आणले; मेकअपमधल्या मायक्रोप्लास्टिकला २०३५ पर्यंत मुदत दिलीय. पर्यावरणाच्या रेसिडेन्सीत प्लास्टिकची चमकी लावून उभी राहिलीस तर पहिला प्रश्न तिच्यावरच येणार. ‘नैसर्गिक अभ्रक’ लिहिलेली डबी मात्र लगेच निष्पाप समजू नको: झारखंड-बिहारच्या अभ्रक खाणींत लहान मुलं राबतात. मी चमकी कमी केली आणि चमक कापडावर आणली. जुन्या पैठणीचा जरीकाठ दिव्याखाली जो दिसतो, त्याची सर गालावरच्या चमकीला नाही.

नऊवारीसाठी पुण्याचा जुना बाजार, बुधवारी आणि रविवारी. नाहीतर बोहारणीला गाठ. तिच्या गाठोड्यात भांड्यांच्या बदल्यात आलेल्या इरकली असतात. ती भाव सांगेल, घासाघीस कर, पण तिच्या जिवावर स्वस्तात साडी घेऊन तिकडे ‘सर्क्युलर इकॉनॉमी’वर (वापरलेलं पुन्हा वापरा, यावर) भाषण देणार असशील तर पूर्ण भाव दे. मेकअप उतरवायला ओल्या वाइप्सऐवजी खोबरेल आणि मलमलचे तुकडे, रोज धुऊन वाळवायचे.

पैसे

भत्ता किती हे सगळे विचारतात. हातात किती पडणार हे विचार. जर्मनीत बाहेरच्या कलाकाराच्या मानधनातून १५ टक्के कर आणि त्यावर अधिभार जागेवरच कापला जातो; एका प्रयोगाचे २५० युरोपर्यंत असतील तर कापत नाहीत. करार करतानाच ‘कर वगळून’ आकडा मागून घे. इथलं घरभाडं तू नसतानाही चालू असतं, आणि लग्नसराईत गेलीस तर सुपाऱ्या बुडतात. दोन्ही बजेटमध्ये लिही. विम्याचे आणि व्हिसाचे पैसे परत देणारे यजमान असतात, पण ते काही महिन्यांनी देतात, म्हणून आगाऊ माग.

पैसे भारतात तुझ्या मंडळाच्या खात्यावर यायचे असतील तर थांब. परदेशी देणगी घ्यायला एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी लागते. केलेल्या कामाचा मोबदला आणि देणगी या कायद्याला वेगळ्या दिसतात, म्हणून करारात कामाचं नाव आणि मोबदला स्पष्ट हवा. हे मी सांगतोय म्हणून धरू नको, सीएला कागद दाखव. सरकारी शाळेत किंवा खात्यात नोकरी असेल तर परदेशी पाहुणचारालाही आधी परवानगी लागते.

पाहुणा इकडे आला की

ऑक्टोबर ते फेब्रुवारी बोलाव. मे महिन्यात बोलावलंस तर एसीचं बिल तुझा सगळा पर्यावरणी हिशोब खाऊन टाकेल. परदेशी माणूस घरी उतरला की २४ तासांत ऑनलाइन कळवावं लागतं. लोक त्याला अजून सी-फॉर्मच म्हणतात. सोसायटीच्या सेक्रेटरीला आधी जाऊन भेट, चहा पी, ‘नाटकाचे पाहुणे’ म्हण. पर्यटन व्हिसावर आलेल्याला मानधन देऊन प्रयोग करवता येत नाही, हे त्याला तिकडे असतानाच सांग.

तो बहुधा म्हणेल, मला जोगत्यांना, म्हणजे यल्लम्मा देवीला वाहिलेल्या पुरुषांना भेटायचंय, तिच्या सौंदत्तीला मार्गशीर्ष पौर्णिमेला जायचंय. जाऊ दे, पण तुझ्या ओळखीच्या जोगत्याबरोबर, त्याला दिवसाचं मानधन ठरवून, आणि कॅमेरा पहिल्या दिवशी घरी ठेवून. ‘प्राचीन भारतीय क्विअर संस्कृती’ शोधायला आलेले लोक जोगत्याच्या पोटापाण्याबद्दल एक प्रश्न विचारत नाहीत. तो प्रश्न तू आधी विचारून ठेव.

सार्वजनिक प्रयोग करायचा असेल तर महाराष्ट्रात रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचा दाखला लागतो, आणि बाहेर उघड्यावर असेल तर रात्री दहानंतर स्पीकर बंद. शब्द नसलेल्या प्रयोगाचंही रंगमंचावर काय-काय घडतं ते मी मराठीत टिपून जोडतो, म्हणजे विचारायला जागा उरत नाही. हे कागद पाहुणा विमानातून उतरल्यावर नको. तो तिकीट काढतो त्याच आठवड्यात मंडळाकडे गेलेले बरे.