उद्या कशावर बोलू? लुथरन पद्धतीने वर्षभर उपदेश आणि बायबल स्टडी कशी करायची

शनिवारी रात्री "उद्या कशावर बोलू" हा प्रश्न ज्यांना पडतो त्यांच्यासाठी हे लिहितोय, मग तुम्ही पाळक असा, लेप्रीचर (पाळक नसून उपदेश करणारे) असा, नाहीतर बुधवारची कॉटेज मीटिंग (घरातली प्रार्थनासभा) घेणारे असा. लुथरन परंपरेत, म्हणजे जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथर याच्या मागून आलेल्या मंडळ्यांत, हा प्रश्नच बहुतेक येत नाही, कारण वचन आपण निवडत नाही, ते आधीच ठरलेलं असतं. आपण निवडायला लागलो की तेच ते आवडीचे उतारे फिरून फिरून येतात, स्तोत्र २३, उधळा पुत्र, प्रीतीचा अध्याय, आणि ज्या वचनांनी आपल्यालाच आधी धरायला पाहिजे ती वर्षानुवर्षं तशीच राहून जातात.

तर पहिलं काम म्हणजे लेक्शनरी हातात घेणं, म्हणजे कोणत्या रविवारी कोणते पाठ वाचायचे त्याचा तक्ता. आज जगभरातल्या बऱ्याच लुथरन मंडळ्या तीन वर्षांची लेक्शनरी वापरतात, १९९२ साली आलेली रिव्हाइज्ड कॉमन लेक्शनरी किंवा तिच्या जवळची एखादी. यात ए वर्षी मत्तयाचं शुभवर्तमान, बी वर्षी मार्काचं, सी वर्षी लूकाचं, आणि योहानाचं तिन्ही वर्षांत विभागून, खास करून लेंट (ईस्टरच्या आधीचा उपवासाचा काळ) आणि ईस्टरच्या काळात. कोणतं वर्ष चालू आहे ते कळायला सोपं आहे, सनाला तीनने पूर्ण भाग गेला की सी वर्ष, म्हणजे २०२५ सी होतं, २०२६ ए, २०२७ बी. फक्त लक्षात ठेवा की हे वर्ष जानेवारीत नाही तर ॲडव्हेंटच्या (नाताळाआधीच्या तयारीच्या काळाच्या) पहिल्या रविवारी सुरू होतं, ३० नोव्हेंबरच्या सगळ्यात जवळचा जो रविवार तो. जुनी एका वर्षाची लेक्शनरी पण अजून वापरात आहे, लूथरने स्वतः तिच्यावर उपदेश केले आणि संगीतकार बाखने लाइपझिगला रविवारचे कँटाटा (उपासनेत गायच्या रचना) तिच्याच पाठांना धरून रचले. जर्मनीत उपदेशाच्या पाठांचं चक्र सहा वर्षांचं आहे, २०१८ च्या ॲडव्हेंटपासून त्याची सुधारलेली आवृत्ती चालू आहे. नवीन माणसाने तीन वर्षांच्या लेक्शनरीने सुरुवात करावी असं मला वाटतं, त्यात शास्त्राचा मोठा भाग येतो. आणि तुमची मंडळी लुथरन नसली, सी.एन.आय. (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) किंवा मेथडिस्ट असली (महाराष्ट्रात तीच शक्यता जास्त), तरी पुढची पद्धत तशीच्या तशी चालते.

सोमवारी चारही पाठ मोठ्याने वाचा, जुना करार, स्तोत्र, पत्र, शुभवर्तमान. मोठ्याने म्हणजे खरंच मोठ्याने, कारण मंडळी ते कानाने ऐकणार आहे. बायबल सोसायटीचं पवित्र शास्त्र आणि जोडीला सोप्या मराठीतली एखादी आवृत्ती ठेवा. टीकाग्रंथ, यूट्यूब, दुसऱ्यांचे उपदेश यातलं काही मंगळवारपर्यंत उघडू नका, आधी वचनाला तुमच्याशी बोलू द्या. उताऱ्याच्या आधीचा आणि नंतरचा अध्याय मात्र वाचाच, लेक्शनरी उतारा कापून देते आणि कधी कधी अवघड ओवी नेमकी कापलेल्या भागात असते.

आता खरं लुथरन काम, नियमशास्त्र आणि शुभवर्तमान वेगळं ओळखणं. अमेरिकेत सेंट लुईसला लुथरन धर्मशिक्षक सी. एफ. डब्ल्यू. वॉल्थर यांनी १८८४-८५ मध्ये शुक्रवारी संध्याकाळी विद्यार्थ्यांना फक्त याच एका विषयावर व्याख्यानं दिली, इतकं ते महत्त्वाचं आहे आणि इतकं ते अवघडही आहे. नियमशास्त्र म्हणजे देव काय मागतो आणि त्याच्यापुढे मी कुठे उभा आहे ते, शुभवर्तमान म्हणजे देवाने ख्रिस्तात माझ्यासाठी काय केलं ते. जुना करार म्हणजे नियम आणि नवा करार म्हणजे सुवार्ता असं मात्र समजू नका, दोन्ही दोन्हीकडे आहेत, कधी कधी एकाच वाक्यात.

एक रविवार घेऊन बघू, ए वर्षातला ॲडव्हेंटचा तिसरा रविवार. शुभवर्तमान मत्तय ११:२-११, जुना करार यशया ३५. बाप्तिस्मा करणारा योहान (शुभवर्तमान लिहिणारा नव्हे) तुरुंगात आहे आणि शिष्यांच्या हाती येशूला विचारतो की येणारे ते तुम्हीच का, की आम्ही दुसऱ्याची वाट बघू. आदल्याच रविवारी मत्तय ३ मध्ये हाच योहान यार्देनेच्या काठी गरजत होता, झाडांच्या मुळाशी कुऱ्हाड ठेवलेली आहे म्हणून. आठ दिवसांत मंडळी त्याला दोन्ही जागी बघते, हे आपण स्वतः उतारे निवडून कधी जुळवलं नसतं. येशू उत्तर देतो की आंधळे बघतात, पांगळे चालतात, बहिरे ऐकतात, हे यशया ३५ मधलंच, दोन्ही पाठ एकत्र का ठेवलेत ते इथे कळतं. आणखी नीट बघा, दरिद्र्यांना सुवार्ता हे यशया ६१ मधलं येशू सांगतो, पण त्याच ओवीत बंदिवानांना सुटका पण आहे आणि ते तो म्हणत नाही, आणि ऐकणारा तर तुरुंगात बसलाय. नियम इथे चावतो, मला हवा तसा तारणारा मिळाला नाही तर मी अडखळतो. आणि शुभवर्तमान? येशू योहानाला झिडकारत नाही, त्याच्या कोठडीपर्यंत आपलं वचन पाठवतो, आणि शिष्य परत निघाल्यावर लोकसमुदायापुढे त्याची बाजू घेतो, स्त्रियांपासून जन्मलेल्यांत याच्याहून मोठा कोणी नाही म्हणतो. ज्याला शंका आली त्याच्याबद्दल बोलतोय तो हे!

इथे उपदेशकाला मोह होतो "म्हणून आपणही धीर धरूया" असं म्हणून मोकळं व्हायचा. ते चुकीचं नाही, त्याच रविवारचा याकोब ५ चा पाठ तेच सांगतो, पण उपदेश तिथे संपला तर लोक आणखी एक काम डोक्यावर घेऊन घरी जातात. म्हणून शुक्रवारी लिहून झालं की पेन घ्या आणि प्रत्येक "पाहिजे" आणि "करूया" खाली रेघ मारा, मग ज्या वाक्यात देव कर्ता आहे त्याला गोल करा. शेवटच्या पानावर नुसत्या रेघा असतील तर ते पान पुन्हा लिहा. आणि "तुमच्यासाठी" हे शब्द तोंडाने म्हणा, प्रभुभोजनात जसे म्हणतो तसे, लोक आपोआप समजून घेतील असं धरून चालू नका.

बायबल स्टडी रविवारनंतर नाही, रविवारच्या आधी घ्या, त्याच पाठावर. बुधवारी लोक जे विचारतात तेच रविवारी निम्म्या बाकांवर मनात असतं. पद्धत लूथरचीच घ्या, १५३५ मध्ये त्याने पेत्र नावाच्या आपल्या न्हाव्याला प्रार्थना कशी करावी ते लिहून दिलं होतं, त्यात तो प्रत्येक आज्ञेकडे चार बाजूंनी बघतो: यातून मी काय शिकतो, कशाबद्दल उपकार मानतो, काय कबूल करतो, काय मागतो. हेच चार प्रश्न कुठल्याही उताऱ्याला लावा. आठ-दहा माणसं, उतारा दोनदा वाचायचा, दुसऱ्यांदा वेगळ्या आवाजात, आणि मग एकेक प्रश्न. कबुलीच्या प्रश्नाला सगळे गप्प बसतात, बसू द्या, लगेच बोलून ती शांतता भरू नका. ज्या आजी लिहू-वाचू शकत नाहीत त्यांनाही यात भाग घेता येतो, कारण उत्तर पुस्तकात शोधायचं नसतं.

वर्षातल्या बाकी काळांबद्दल थोडं. ॲडव्हेंटला वेदीवरच्या कापडाला जांभळा किंवा निळा रंग, आणि घाई नको, नाताळाची गाणी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू करू नका. बाखच्या लाइपझिगमध्ये ॲडव्हेंटच्या दुसऱ्या ते चौथ्या रविवारी कँटाटा बंद असायचे, मग नाताळाला ते संगीत काय वाटत असेल विचार करा. लेंटमध्ये ए वर्षी योहानाचे लांबच लांब पाठ येतात, निकदेम, शोमरोनी बाई, जन्मांध, लाजर, ते कापू नका, दोन-तीन जणांना संवाद वाटून देऊन वाचा. वचनावर किती भरवसा ठेवायचा ते बघायचं असेल तर १५२२ चा लेंट आठवा. लूथरच्या विटेनबर्ग शहरात गोंधळ माजला होता, तो वार्टबर्गच्या किल्ल्यावरून परत आला, ९ मार्चला म्हणजे लेंटच्या पहिल्या रविवारी उभा राहिला आणि आठ दिवस रोज उपदेश केला, कुणावर जबरदस्ती नाही, आणि शहर शांत झालं.

ईस्टर एका दिवसात उरकू नका, तो सात रविवारांचा काळ आहे आणि त्यात जुन्या कराराच्या जागी प्रेषितांची कृत्ये वाचतात. पेंटेकॉस्टला (पवित्र आत्मा उतरला तो सण) लाल, त्रैक्य रविवारी पांढरा, आणि मग तो लांबलचक हिरवा काळ ज्यात सण नसतो म्हणून उपदेशक ढिले पडतात. मला तर तोच काळ बायबल स्टडीसाठी सगळ्यात चांगला वाटतो. ए वर्षी तेव्हा रोमकरांस पत्र आठवड्यामागून आठवडे सलग येतं, आपल्याकडे नेमका पावसाळा असतो, तेव्हा एकच पत्र धरा आणि बुधवारी ते पूर्ण करा. असं केलं की ३१ ऑक्टोबरच्या जवळच्या रविवारी, रिफॉर्मेशनला (धर्मसुधारणेच्या सणाला), रोम ३:१९-२८ येतं तेव्हा लोकांना ते ओळखीचं वाटतं.

२०२६ चा ॲडव्हेंट २९ नोव्हेंबरला आहे, बी वर्ष सुरू होईल, आणि पहिल्याच रविवारी मार्क १३ मधलं जागे राहा येतं. मार्क सोळाच अध्यायांचा आहे, तेव्हा नोव्हेंबरच्या एखाद्या संध्याकाळी गटाला बसवा, चहा ठेवा, आणि आळीपाळीने तो सगळाच्या सगळा वाचून काढा, दोन तासांच्या आत होतो.