केशरीतून निळ्यात कसं जायचं

नागपुरातल्या फुटाळा तलावाच्या काठावर सूर्य बुडाल्यानंतर दहा-पंधरा मिनिटं जे आभाळ दिसतं ना, ते मला लोकरीच्या चित्रात विणायचं होतं. खाली केशरी, वर निळं. मी दुकानातून दोन सुंदर रंगांची लोकर आणली, मध्यभागी दोन्ही एकत्र विणले आणि नेमका तिथेच मळकट तपकिरी पट्टा उमटला. तलावातला गाळ आभाळात चढल्यासारखा.

ताईंनी तो पाहिला. त्या फायबर आर्टिस्ट, म्हणजे धाग्यांतून कलाकृती करणाऱ्या आहेत, महाल भागातल्या जुन्या घराच्या माडीवर शिकवतात. वडील हातमागावर नऊवारी विणायचे, त्यामुळे धागा त्यांच्या हातात लहानपणापासूनचा. म्हणाल्या, "केशरी न् निळा रंगचक्रात समोरासमोरचे रंग आहेत. एकत्र आले की एकमेकाले मारून टाकतात. तू त्यांना थेट भेटवून राहिली." त्यानंतर दोन वर्षं दर शनिवारी मी त्यांच्याकडे गेले. चित्र विणायला बसणाऱ्या कुणालाही उपयोगी पडेल असं जे शिकले, ते इथे लिहिते आहे.

सुरुवातीला माग नको, लाकडी चौकट पुरते. चाळीस बाय पन्नास सेंटिमीटरची, सुताराकडून चारही कोपरे काटकोनात करून घेतलेली. वरच्या आणि खालच्या पट्टीवर एकेका सेंटिमीटरवर वीस-वीस खिळे ठोका. ते एका ओळीत नको, एकाआड एक किंचित वर-खाली, नाहीतर लाकूड चिरतं. प्रत्येक खिळ्याला वळसा घालत पक्क्या पिळाचा सुती दोरा वर-खाली नेला की चाळीस उभे धागे होतात. हा ताणा. तळहाताने दाबून पाहा, नव्याने कसलेल्या खाटेच्या नवारीसारखा लागला पाहिजे. सगळे धागे सारखे ताणलेले असणं फार घट्ट असण्यापेक्षा महत्त्वाचं. खाली जाड पुठ्ठ्याची पट्टी एक वर-एक खाली अशी ओवा, तिच्यावर त्याच दोऱ्याच्या चार ओळी विणा, म्हणजे पाया सरळ बसतो.

आता बाणा, म्हणजे आडवा धागा. या विणकामात ताणा शेवटी दिसतच नाही, बाणाच त्याला पूर्ण झाकतो. बाणा प्रत्येक उभ्या धाग्याच्या वरून-खालून वळत जातो, म्हणून त्याला सरळ अंतरापेक्षा जास्त लांबी लागते. ती दिली नाही तर कडा आत ओढल्या जातात. माझं पहिलं काम खाली वीस सेंटिमीटर रुंद होतं आणि वर सतरा. ताई म्हणायच्या, "ओढू नको न बापा, टेकडी कर." आडवा धागा कमानीसारखा वर उचलून ठेवायचा, मग जेवणाच्या काट्याने आधी मधोमध दाबून तिच्या दोन टेकड्या करायच्या, दोनाच्या चार, आणि मग सगळं खाली बसवायचं. दर तीन बोटांच्या उंचीवर पट्टीने रुंदी मोजा. आत आलेली कड पुढे दुरुस्त होत नाही, उसवावीच लागते.

एक ओळ म्हणजे जाणं आणि येणं दोन्ही, कारण एका दिशेने गेलेला धागा निम्मेच उभे धागे झाकतो. जाताना एक रंग आणि येताना दुसरा घेतला तर उभ्या बारीक रेघा उमटतात. दोन्ही वेळा एकच घेऊन मग बदलला तर आडव्या लाटा येतात. दोन्ही मुद्दाम विणून पाहा.

रंगाचं खरं काम विणण्याच्या आधी होतं, मांडीवर. आपल्याकडे स्वेटरची लोकर सहज मिळते. चार पदरी घ्या आणि पदर उकलून वेगळे करा. सुटा पदर नाजूक असतो, पण बाण्यावर ताण येत नाही, त्यामुळे चालतं. आता चार पदरांची जुडी आपल्या हिशोबाने बांधायची: चार केशरी; तीन केशरी आणि एक गुलाबी; दोन-दोन; एक केशरी आणि तीन गुलाबी; चार गुलाबी. दोन रंगांमधून मधल्या तीन छटा तयार झाल्या, नवीन लोकर न आणता.

ताईंनी माझ्या आभाळाला वाट काढून दिली ती अशीच. केशरीतून गुलाबीत, गुलाबीतून जांभळट राखाडीत, तिथून निळ्यात. चार लोकरी आणि प्रत्येक दोहोंमध्ये तीन पायऱ्या, एकूण तेरा छटा. नंतर मी फुटाळ्यावर जाऊन नीट पाहिलं, तर तो गुलाबी पट्टा तिथे होताच. मला तो आधी दिसला नव्हता, एवढंच.

मिश्रण डोळ्यात एकजीव होतं की दाणेदार दिसतं, हे रंगापेक्षा उजेड-अंधारावर ठरतं. फिकट पिवळा आणि गडद जांभळा एका जुडीत घेतला तर तिळाच्या चटणीसारखे ठिपके दिसतील. दोन्ही सारखेच गडद असतील तर सहा फुटांवरून तिसराच रंग भासतो. ओळखायला सोपा उपाय: लोकरी शेजारी ठेवून फोनवर फोटो काढा आणि तो काळा-पांढरा करा. जे एकसारखे राखाडी दिसतात ते एकमेकांत विरघळतात. आभाळासाठी मला विरघळणारे हवे होते. पाण्यातल्या चमकेसाठी मात्र मी मुद्दाम न विरघळणारे घेतले.

शेजारच्या रंगाचंही भान ठेवा. पॅरिसच्या गोबलँ या चित्रं विणणाऱ्या कारखान्यात शेव्रल हा रसायनशास्त्रज्ञ १८२४ पासून रंगाईचं काम पाहत होता. तिथल्या काळ्या रंगात दम नाही, अशी तक्रार आली. त्याने तपासलं तर रंगात खोट नव्हती, शेजारच्या रंगामुळे तो काळा फिका दिसत होता. त्यातून त्याने रंगांच्या परस्परविरोधावर १८३९ मध्ये मोठा ग्रंथ लिहिला. म्हणून हातातली जुडी बघून निर्णय घेऊ नका. बोटभर विणा, मग ठरवा.

दोन रंगांची सीमा सरळ उभी आली की तिथे फट पडते. फट नको असेल तर दोन्ही बाणे एकमेकांत अडकवून वळवायचे. पैठणीत तेच करतात आणि आपल्या विदर्भातल्या करवती काठाच्या साडीतही. आभाळात मात्र सीमाच नको, म्हणून दोन जुड्या दोन बाजूंनी समोरासमोर आणायच्या आणि दर फेरीला वेगळ्या धाग्यावर भेटवून परत फिरवायच्या, बोटं बोटांत गुंतवल्यासारख्या. कुठे चार धागे आत, कुठे अकरा. नियमित पायऱ्या केल्या तर जिना दिसतो. एक अट पाळा: शेजारच्या जुड्या एकमेकींकडे येताहेत किंवा एकमेकींपासून दूर जाताहेत. दोघी एकाच दिशेने निघाल्या तर वर-खालीचा क्रम जुळत नाही आणि पुढची ओळ अडते.

वापरलेल्या प्रत्येक जुडीचा वीतभर तुकडा पुठ्ठ्याच्या कार्डाला बांधून त्यावर पदरांचा हिशोब लिहून ठेवा. महिन्याने तोच गुलाबी लागला की हे का करायचं, ते कळेल.

पूर्ण झाल्यावर ताणा एकदम कापू नका. शेजारचे दोन-दोन धागे कापून लगेच गाठ मारायची, मग पुढचे दोन. मागे लोंबणारी टोकं दोन सेंटिमीटर राहू द्या, काटोकाट कापली तर ती निसटून पुढे येतात. माझ्या आभाळाची मागची बाजू अजून तशीच केसाळ आहे, आणि ताई समोरून पाहायच्या आधी नेहमी तीच उलटून बघतात.