ग्रीक देवांची फॅमिली ट्री बनवताय? निदान या चुका टाळा

लोक मला चार्ट दाखवतात, छान रंगीबेरंगी असतात, आणि मी विचारतो की ही रेघ कुठून आली, तर उत्तर ठरलेलं: "नेटवर होतं." नेटवर कोणी लिहिलं, त्याने कुठून उचललं, काही पत्ता नाही.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे एक नाव दिसलं की एकच माणूस धरणं. मध्यंतरी एक उत्साही पोरगा चार्ट घेऊन आला. त्यात सार्पेडॉन हा क्रीटचा राजा मिनॉस याचा सख्खा भाऊ, आई युरोपा, बाप झ्यूस. ठीक आहे, अपोलोडोरस (त्याच्या नावावर ग्रीक पुराणकथांचा एक जुना संग्रह आहे) तसं म्हणतो. पण त्याच चौकटीत खाली लिहिलेलं, ट्रॉयच्या युद्धात पॅट्रोक्लसने मारला, सोर्स इलियड, म्हणजे होमरचं ट्रॉययुद्धाचं महाकाव्य. अरे बाबा, इलियडमध्ये तो मिनॉसचा भाऊ नाहीचे! सहाव्या सर्गात (ओळी १९८-१९९) त्याची आई बेलेरोफॉनची मुलगी लाओडामिया आहे, आणि चौदाव्यात झ्यूस स्वतःच आपल्या जुन्या भानगडी मोजून दाखवतो (तेही बायकोला, धन्य आहे), तिथे युरोपाची पोरं दोनच, मिनॉस आणि ऱ्हाडामान्थिस. शिवाय मिनॉसचा नातू इडोमेनेउस त्याच युद्धात लढतोय, मग आजोबांचा भाऊ तिथे तरणाबांड कसा काय? हा घोळ जुन्या लोकांनाही दिसलेला. अपोलोडोरस सांगतो की झ्यूसने त्याला तीन पिढ्यांचं आयुष्य दिलं, आणि होमर आई वेगळी सांगतो हेही प्रामाणिकपणे नोंदवतो. डायोडोरस या ग्रीक इतिहासकाराने तर सरळ दोन सार्पेडॉन केले, आजोबा आणि नातू. आमच्या पोराने तिघांची मिसळ करून वर फरसाण घातलं: इडोमेनेउसचा बाप ड्युकॅलियन म्हणजे तोच महापुरातला ड्युकॅलियन असं धरून रेघ थेट प्रोमिथिअसपर्यंत नेली.

माझी सवय सांगतो. मी सोर्स माणसाला लावत नाही, रेघेला लावतो. प्रत्येक रेघेवर लेखक, सर्ग, ओळ. सापडलं नाही तर रेघ तुटक, पेन्सिलने. वेळ लागतो, हो, आणि एका वीकेंडला सगळं ऑलिम्पस उरकायला निघालेल्यांना हे झेपत नाही, त्यांनी पोस्टर विकत घ्यावं.

दुसरी चूक, "खरं" व्हर्जन शोधत बसणं. प्रेमदेवता अफ्रोडाइटी हेसिओड या जुन्या ग्रीक कवीकडे आकाशदेव युरेनसच्या कापलेल्या अवयवाभोवती जमलेल्या फेसातून येते, होमरकडे ती झ्यूस आणि डायोनीची मुलगी. दोन्ही लिहा. आणि लेखक एकच आहे म्हणून निर्धास्त होऊ नका, हेसिओडच्याच थिऑगनी या देवांच्या जन्मकथांच्या काव्यात ओळ २१७ ला मोइराई, म्हणजे नियतीच्या देवी, या रात्रीच्या, म्हणजे निक्सच्या मुली आहेत आणि ९०४ ला झ्यूस आणि थेमिसच्या. एकाच काव्यात! यातली सोयीची ओळ घेऊन दुसरी गुपचूप गाळणारे बघितले की माझा संताप होतो, कारण वाचणाऱ्याला कळतही नाही की काही गाळलंय.

बाकीच्या पटापट.

केसांच्या जागी साप असलेली मेडुसा आधी सुंदर होती आणि मग अथीनाने शाप दिला, हे रोमन कवी ओव्हिडचं. हेसिओडकडे ती फोर्किस आणि केटोची मुलगी, गॉर्गन बहिणींपैकी एक. ओव्हिड लिहितोय काही शतकांनंतर, लॅटिनमध्ये, तेव्हा "प्राचीन ग्रीक सोर्स" म्हणून त्याला टाकू नका.

अपोलोडोरसला इ.स.पू. दुसऱ्या शतकात बसवू नका. त्या नावाचा विद्वान तेव्हा होता खरा, पण त्याच्या नावावरचा हा कथासंग्रह कॅस्टर या इतिहासकाराचा दाखला देतो आणि तो इ.स.पू. पहिल्या शतकातला.

हायजिनस या लॅटिन कथासंग्राहकाकडे एखादं नाव विचित्र वाटलं तर दुसरीकडे ताडून बघा. त्याचा ग्रंथ जवळपास एकाच हस्तलिखितावरून १५३५ मध्ये बासेलला छापला गेला, नावांची वाट लागलेली आहे.

डेमोगॉर्गनला सगळ्या देवांचा मूळपुरुष केलात तर तो इटालियन लेखक बोकाचिओचा, चौदाव्या शतकातला. होमर-हेसिओडला पत्ताच नाही.

एआयने दिलेला ओळ नंबर न उघडता चार्टवर टाकणाऱ्यांशी मी बोलत नाही.

हेसिओडच्या नावावरच्या 'कॅटलॉग' या वंशावळींच्या काव्याचे उरलेले तुकडे देताना नंबर कोणत्या आवृत्तीचा ते लिहा, मर्केलबाख-वेस्ट या संपादकांचा (१९६७) वेगळा, लोएब ग्रंथमालेचा वेगळा. आणि सुरुवात कुठून करायची असं विचाराल तर फ्रेझरने इंग्रजीत केलेला १९२१ चा अपोलोडोरस घ्या, पर्सियस नावाच्या वेबसाइटवर फुकट आहे. मुख्य मजकूर नंतर वाचा, आधी फुटनोट्स, कारण तेच नातं आणखी कोणी कसं सांगितलंय ते त्याने तिथे जमवून ठेवलंय.