लाकडी तुळयांना लागून स्लॅब टाकताय? या चुका टाळा

घराची जमीन लाकडी तुळयांवर असेल आणि बाहेर तिला लागून स्लॅब ओतायचा असेल, तर सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे कडेच्या तुळईचाच शटरिंगसारखा उपयोग करून काँक्रीट थेट तिला भिडवणे. काँक्रीट वाळताना आक्रसते, मध्ये केसाएवढी फट पडते आणि पाणी तिथेच उतरून अडकते. वरून काहीच दिसत नाही. सिलिकॉन भरून हे थांबत नाही. लाकूड आणि स्लॅब वेगवेगळे हलतात, सांधा पुन्हा उघडतो.

शक्य असेल तर स्लॅबचा माथा तुळयांच्या तळाच्या खालीच ठेवा. तो वर घ्यावाच लागला, तर ओतण्यापूर्वी तुळईच्या बाहेरच्या अंगाला स्वतः चिकटणारे बिटुमेनचे पटल (डांबरी जलरोधक थर) लावा, त्यावर स्टेनलेस स्टीलचे फ्लॅशिंग, म्हणजे पाणी बाहेर वळवणारी पत्र्याची पट्टी. फ्लॅशिंग स्लॅबच्या वर किमान 150 मिमी जाऊ द्या. त्याची वरची कड भिंतीच्या जलरोधक थराच्या आतच गेली पाहिजे, बाहेरून नव्हे. उघडे अॅल्युमिनियम नकोच, ओल्या काँक्रीटमधला अल्कली ते खातो.

पण तुळई दोन्ही बाजूंनी प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका. आत शिरलेली ओल सुकायला घराकडची बाजू मोकळी हवी. नव्या स्लॅबने घराच्या लाकडी जमिनीखालचे हवेचे झरोके बुजत असतील तर आधी दुसरीकडे काढा. ही गोष्ट हमखास विसरली जाते.

कुजू नये म्हणून रासायनिक प्रक्रिया केलेले लाकूड कापले की आतला कोरा भाग उघडा पडतो, आणि पाणी सर्वांत जास्त शोषतात ती कापलेली टोकेच. तिथे ब्रशने संरक्षक द्रव्य मारा. तांबेयुक्त रसायनाची प्रक्रिया केलेल्या लाकडात साधे खिळे गंजतात. हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवलेले) किंवा स्टेनलेस वापरा.

स्लॅबला घरापासून बाहेर मीटरमागे 20 मिमी उतार द्या. काँक्रीटसाठी सांगतात तो 28 दिवसांचा हिशेब ताकदीचा, सुकण्याचा नाही. ढोबळमानाने 25 मिमी जाडीला एक महिना धरा, म्हणजे 100 मिमीला चार. तोवर आतून तुळया झाकू नका.

स्लॅब आधीच भिडलेला असेल तर आतून मॉइश्चर मीटर लावा, तुळईच्या खालच्या कडेला आणि तुलनेसाठी तिथून दूरच्या कोरड्या तुळईवरही. 20 टक्क्यांच्या वर आकडा टिकून राहिला तर टोच्याने टोचून पाहा. लाकूड मऊ लागले, तर वरून रंग किंवा सीलंट लावू नका. काठालगत 50 मिमीची पट्टी कटरने कापून काढा, पाते लाकडाच्या अलीकडेच थांबवा, उरलेले छिन्नीने. कुजलेला भाग बदला, मगच पटल आणि फ्लॅशिंग.