दिव्यांगांसाठी राखीव पार्किंग: गैरवापर थांबवायचा कसा

भारतात दिव्यांगांच्या पार्किंगसाठी देशभर चालेल असा परवाना नाही. इंग्लंडमध्ये ब्लू बॅज असतो, अमेरिकेत आरशाला अडकवायचं प्लॅकार्ड असतं. आपल्याकडे काचेवर दिसतो तो व्हीलचेअरचा स्टिकर गाड्यांच्या सामानाच्या कुठल्याही दुकानात, काही न विचारता मिळतो. त्यामुळे स्टिकर दिसला की गाडी आत सोडायची, ही पद्धत आधी बंद करायला हवी. सवलत लाटणाऱ्याकडे स्टिकर हमखास असतो, आणि खऱ्या गरजवंताच्या रिक्षावर किंवा भाच्याच्या गाडीवर तो नसतो.

हक्क गाडीचा नसून माणसाचा आहे, हे धरून चाललं की बरेच वाद तिथल्या तिथे मिटतात. दिव्यांग व्यक्ती स्वतः गाडी चालवत असेल, किंवा गाडीत बसून आली असेल आणि त्या जागी उतरणार वा चढणार असेल, तर जागा तिची. वडिलांच्या नावावरची गाडी घेऊन मुलगा एकटा बाजारहाटाला आला तर नाही, मग आरसीवर मालकीच्या रकान्यात ‘दिव्यांगजन’ असं लिहिलेलं का असेना. (हा रकाना २०२० मध्ये नोंदणीच्या अर्जात आला. तो मुख्यतः सवलतींसाठी आहे, पार्किंगसाठी नाही.) आजीला दारात उतरवून ड्रायव्हर तासभर तिथेच एसी लावून बसला, तर तोही गैरवापरच. उतरवायचं, गाडी साध्या जागेत न्यायची आणि परत बोलावल्यावर यायचं.

मापात नसलेली जागा कोणी मानत नाही

राष्ट्रीय इमारत संहितेत (२०१६) सार्वजनिक वापराच्या इमारतींसाठी जे आकडे आहेत, तेच साधारण विकास नियंत्रण नियमावल्यांतही सापडतात: प्रवेशद्वारापासून जास्तीत जास्त ३० मीटरवर निदान दोन गाड्यांची जागा, आणि प्रत्येकीची रुंदी किमान ३.६ मीटर. लांबी ५ मीटर धरा. साधी जागा सुमारे अडीच मीटर रुंद असते. वरचा मीटरभर कशासाठी, हे वॉचमनला आणि कमिटीलाही समजावून सांगावं लागतं. व्हीलचेअर वापरणारा माणूस दार पूर्ण उघडतो, खुर्ची दाराशी लावतो आणि सीटवरून खुर्चीत सरकतो. त्याला गाडीशेजारी १.२ मीटर मोकळी पट्टी लागते. ती नसेल तर तो आत बसू शकतो, बाहेर येऊ शकत नाही. किंवा उलट, परत येऊन पाहतो तर शेजारच्या गाडीने दार अडवलेलं असतं.

दोन राखीव जागा शेजारी असतील तर मधली पट्टी दोघांत एक चालते. पण ती तिरप्या रेघांनी भरलीच पाहिजे. कोरी सोडली की तिथे दोन बाइक उभ्या राहतात, आणि बाइकवाल्याला मनापासून वाटतं की आपण कोणाची जागा घेतलेली नाही. या पट्टीचा गैरवापर सर्रास होतो, आणि तो कोणी मोजत नाही.

जागा निवडताना जमीन सपाट हवी. रॅम्पच्या उतारावर खुर्ची घरंगळते. लिफ्टपर्यंत एकही पायरी नको. स्टॅक किंवा पझल पार्किंगमधली (यंत्राने गाड्या एकावर एक चढवतात तिथली) जागा ‘दिव्यांग’ म्हणून दाखवणं हा कागद भरण्याचा प्रकार आहे. तिथे व्हीलचेअर वापरणाऱ्याला उतरताच येत नाही, जागा रिकामी राहते, आणि रिकामी दिसली की कोणीतरी घुसतं. मग ‘कोणी वापरतच नाही’ म्हणून ती रद्दही होते.

रंग, पाटी, खांब

जमिनीवरची व्हीलचेअरची खूण एक ते दीड मीटरची करा, निळ्यावर पांढरी. कडेच्या आणि पट्टीच्या रेघा १० सेंटिमीटर रुंद. रेघा, तिरपे पट्टे आणि खूण मिळून एका जागेला साधारण पाच चौरस मीटर रंगकाम होतं. डब्यावर लिटरला किती चौरस मीटर ते लिहिलेलं असतं, त्यावरून दोन हातांचा हिशेब करा. रंग रोड मार्किंगचाच घ्या. भिंतीचा ऑइलपेंट टायरखाली एका पावसाळ्यात सोलवटतो आणि ओला झाला की कुबडीचं टोक त्यावरून घसरतं. उघड्यावरच्या जागा पावसाळा संपला की पुन्हा रंगवायच्या, दिवाळीच्या सफाईबरोबर धरलं तर विसरत नाही.

जमिनीवरची खूण गाडी उभी राहिली की झाकली जाते, म्हणून समोर उभी पाटीही हवी. पाटीवर लांबलचक विनंती नको. खूण, ‘दिव्यांगांसाठी राखीव’ आणि खाली बारीक अक्षरात ‘पास किंवा यूडीआयडी कार्ड दाखवावे’ एवढं पुरतं. (यूडीआयडी म्हणजे सरकारचं दिव्यांग ओळखपत्र.) सुरक्षा विभागाचा फोन नंबर घातला तर उत्तम, पण तो उचलला जाणार असेल तरच.

अडथळ्यांच्या बाबतीत उत्साह घात करतो. साखळी आणि कुलूप लावलं तर एकट्याने गाडी चालवत आलेल्या दिव्यांग माणसाने खाली उतरून साखळी काढायची कशी? रिमोटने खाली बसणारा लोखंडी लॉक दिसायला छान असतो, पण रिमोट केबिनमध्ये असतो, वॉचमन चहाला गेलेला असतो, आणि बॅटरी उतरली की लॉक वर अडकून बसतो. लॉक लावायचाच असेल तर रिमोट जागा मिळालेल्या माणसाकडे द्या. म्हणजे तो सोसायटीत चालतो, मॉलमध्ये नाही. मॉल आणि इस्पितळात रबरी कोन ठेवतात, तो ‘साहेबां’साठी उचलला जातो. त्यातल्या त्यात बरा उपाय म्हणजे तिरप्या पट्टीच्या तोंडाशी एखादा लवचिक प्लास्टिकचा खांब. बाइक लावायला अडचण होते, खुर्ची जाते. खांबाच्या बाजूने निदान ९० सेंटिमीटर मोकळे राहतात ना, ते टेपने मोजून घ्या.

आणि हो, कुंड्या, जनरेटर, ट्रॉल्यांची रांग, वॉचमनची खुर्ची. जागेचा पहिला गैरवापर पुष्कळदा जागेचा मालकच करतो. आपली ट्रॉली तिथे ठेवून गाडीवाल्याला हटकलं तर तो ऐकणार नाही.

साइड व्हीलची स्कूटर

कितीतरी दिव्यांग माणसं कारने नाही, मागे दोन जादा चाकं लावलेल्या स्कूटरने फिरतात, आणि नकाशात तिची जागाच नसते. ही स्कूटर साधारण सव्वा मीटर रुंद होते. ती बाइकच्या रांगेत बसत नाही, आणि बसवलीच तर शेजारची बाइक इतकी चिकटते की कुबडी टेकायला जमीन उरत नाही. सव्वा मीटर स्कूटर आणि उतरायच्या बाजूला ९० सेंटिमीटर, म्हणजे सुमारे २.१५ मीटर रुंदीचा चौकोन आखा. कारच्या एका राखीव जागेत अशा स्कूटरी सहज लावता येतात, पण मग कार आली की भांडण. म्हणून वेगळी आखणी बरी.

पे अँड पार्कमधल्या मुलांना एक ताकीद द्यावीच लागते: गर्दी झाली की बाइक मागून उचलून सरकवतात, तशी ही स्कूटर सरकवायची नाही. जादा चाकांचा जोड वाकतो, गाडी एका बाजूला ओढू लागते, आणि मालकाला ती जागेवरून हलवता येत नाही. दिव्यांगाची स्कूटर दूर नेऊन ठेवली तर तो तिच्यापर्यंत पोहोचणार कसा, हेही त्यातच आलं.

पास कसा असावा

सरकारी परवाना नाही म्हणून प्रत्येक आवाराने आपला पास काढावा. यूडीआयडी कार्ड किंवा दिव्यांग प्रमाणपत्र एकदा पाहायचं, रजिस्टरमध्ये पास क्रमांक, नाव आणि मुदत लिहायची, झेरॉक्स ठेवायची नाही. आजार कोणता, टक्के किती, हे रजिस्टरला लागत नाही. पासच्या दर्शनी बाजूला क्रमांक, आवाराचं नाव आणि ठळक अक्षरात वर्ष. फोटो आणि नाव मागच्या बाजूला. दरवर्षी रंग बदला आणि शिक्का अर्धा पासवर, अर्धा रजिस्टरच्या पानावर उमटवा, म्हणजे रंगीत झेरॉक्स पकडता येते. गाडीचा नंबर छापू नका, नाहीतर पास पुन्हा गाडीचा होतो. पाहुण्यांना त्या दिवसापुरती चिठ्ठी.

यूडीआयडी कार्डाच्या रंगावरून निर्णय करू नये. २०२४ च्या सुधारित नियमांत ४० टक्क्यांखाली पांढरं, ४० ते ८० पिवळं आणि त्यापुढे निळं असे रंग ठरले, पण जुनी कार्डं लोकांच्या हातात आहेतच.

कोणाला रुंद जागा आणि कोणाला नुसती जवळची, हे आधी ठरवलेलं बरं. व्हीलचेअर, कुबड्या, कॅलिपर (पायाला आधार देणारी पट्टी), कृत्रिम पाय वापरणाऱ्यांना रुंदी लागते. स्वमग्न मुलाला घेऊन येणाऱ्या पालकांना दार जवळ हवं असतं, रुंदी नको असते. दाराजवळच्या एकदोन साध्या जागा अशांसाठी ठेवल्या की रुंद जागेवरचा ताण कमी होतो.

गाडी अडवताना

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकारचं अपंगत्व मोजलं आहे. मल्टिपल स्क्लेरोसिस, पार्किन्सन्स, सिकलसेल हे त्यातच येतात. असा माणूस गाडीतून उतरून चार पावलं व्यवस्थित चालेल आणि परत येताना त्याला भिंत धरावी लागेल. म्हणून ‘तुम्ही तर धडधाकट दिसता’ हे वाक्य वॉचमनच्या तोंडून कधीच येता कामा नये. त्याला दोन वाक्यं पाठ करून द्या: ‘नमस्कार साहेब, ही जागा दिव्यांगांसाठी आहे. पास किंवा कार्ड आहे का?’ असेल तर सोडायचं. नसेल तर दुसरी जागा बोटाने दाखवायची. नुसतं ‘इथे नाही’ म्हटलं की वाद होतो, ‘तिथे आहे’ म्हटलं की बहुतेक जण गाडी काढतात.

‘पाचच मिनिटं’ याला उत्तर एकच: गाडी आत्ताच काढा. पाच मिनिटांसाठी येणारे दहा जण असले की जागा दिवसभर भरलेली असते. तरीही कोणी ऐकलं नाही तर वॉचमनने भांडू नये. नंबर, वेळ आणि फोटो घेऊन मॅनेजरला कळवावं. हवा सोडणं, काचेवर न निघणारा कागद डकवणं, चेहऱ्यासकट फोटो ग्रुपवर टाकणं यातलं काहीही करू नका. उद्या तक्रार तुमच्यावर होईल, आणि एखाद्या वेळी ती गाडी खऱ्या दिव्यांगाची निघेल.

सोसायटीत

इथे प्रश्न परक्याचा नसतो, शेजाऱ्याचा असतो. लिफ्टजवळची जागा वर्षानुवर्षं कुणा जुन्या सभासदाकडे असते. दिव्यांग सभासदाने सेक्रेटरीला लेखी अर्ज द्यावा, सोबत प्रमाणपत्राची प्रत जोडावी आणि पोच घ्यावी. कमिटीने तो विषय सर्वसाधारण सभेच्या अजेंड्यावर घ्यावा. ‘आयत्या वेळच्या विषयां’त घेतला तर पुढे कोणीही ठरावालाच आव्हान देतं. ठरावात जागेचा क्रमांक आणि माप, कोणासाठी, दरवर्षीच्या सोडतीतून ती वगळल्याचं वाक्य, आणि गरज संपल्यावर जागा कोणाकडे जाईल, हे सगळं हवं. शेवटचं कलम नसेल तर जुना सभासद अदलाबदलीला तयारच होत नाही, आणि त्याचं चुकतं असंही नाही. दंड लावायचा असेल तर आपल्या उपविधींतली मर्यादा पाहा आणि आधी कारणे दाखवा नोटीस द्या.

तक्रार

रस्त्यावर किंवा पालिकेच्या पार्किंगमध्ये असेल तर वाहतूक पोलीस. दोन फोटो पुरतात: एकात नंबरप्लेट आणि राखीव जागेची पाटी किंवा खूण एकत्र, दुसऱ्यात आजूबाजूचा परिसर. नुसत्या नंबरप्लेटच्या फोटोवरून कारवाई होत नाही. महाट्रॅफिक ॲपवर फोटो टाकता येतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खाली पहिल्यांदा ५०० रुपयांपर्यंत आणि पुन्हा केल्यास १,५०० रुपयांपर्यंत दंड आहे. रक्कम फार नाही, पण ई-चलान नंबरवर साचत जातं.

मॉल, इस्पितळ, बँक यांच्या आवारात वाहतूक पोलीस सहसा येत नाहीत. तिथे जोर लावायचा तो गाडीवाल्यावर नाही, आवाराच्या मालकावर. आधी व्यवस्थापनाला लेखी तक्रार. मग महापालिकेच्या बांधकाम परवानगी विभागात १० रुपयांच्या माहिती अधिकार अर्जाने दोन गोष्टी मागा: मंजूर नकाशातल्या पार्किंगच्या आराखड्याची प्रत आणि भोगवटा प्रमाणपत्राची प्रत. उत्तराची मुदत ३० दिवस. नकाशात दोन जागा दाखवून प्रत्यक्षात तिथे कॉफीचा स्टॉल असेल, तर मामला गैरवापराचा न राहता मंजूर नकाशाच्या उल्लंघनाचा होतो, आणि त्याला उत्तर देणं व्यवस्थापनाला जड जातं. २०१६ च्या कायद्याच्या कलम ४४ प्रमाणे सुगम्यतेचे (दिव्यांगांना इमारत सहज वापरता येण्याचे) निकष पाळल्याशिवाय बांधकामाला परवानगी आणि पूर्णत्वाचा दाखला देताच येत नाही. ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात सुगम्यतेचे निकष ऐच्छिक ठेवणारा, याच कायद्याखालच्या नियमांतल्या नियम १५ चा भाग कायद्याशी विसंगत ठरवला. तक्रारीत हा निकाल तारखेसह लिहा.

तरी हललं नाही तर याच कायद्याच्या कलम ८० खाली दिव्यांग व्यक्तींसाठीच्या राज्य आयुक्तांकडे जा. महाराष्ट्रात हे कार्यालय पुण्यात आहे, गोव्यातही स्वतंत्र राज्य आयुक्त आहेत. आयुक्तांनी शिफारस केली की संबंधित प्राधिकरणाने तीन महिन्यांत काय केलं ते कळवायचं असतं. कायद्याच्या उल्लंघनाला पहिल्यांदा १० हजारांपर्यंत आणि नंतर ५० हजार ते ५ लाख दंड कलम ८९ मध्ये आहे, पण तो न्यायालयातून. खोटं प्रमाणपत्र दाखवून दिव्यांगांचा लाभ लाटणाऱ्यासाठी कलम ९१ वेगळं: दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

अर्जासोबत नकाशाची प्रत, टेप लावून काढलेला जागेच्या रुंदीचा फोटो, व्यवस्थापनाला दिलेल्या पत्राची पोच आणि आठवडाभराची नोंदवही जोडा: तारीख, वेळ, जागेत काय उभं होतं. शनिवार-रविवार संध्याकाळ त्या नोंदीत हवीच.