चतुर-टाचण्यांचं बारकोडिंग करायचंय? नवीन पोरांसाठी थोडं

एमएस्सी झूऑलॉजीची पोरं बरेचदा विचारतात की चतुर-टाचण्यांवर (ड्रॅगनफ्लाय-डॅमसेलफ्लाय) मॉलिक्युलर काम, म्हणजे डीएनएच्या छोट्या तुकड्यावरून जात ओळखायचं बारकोडिंग, करायचंय, सुरुवात कुठून करू. माझं मत, आधी जाळी आणि लेन्स, पिपेट नंतर. नराच्या शेपटाकडचे ॲपेंडेजेस (टोकाचे चिमट्यासारखे अवयव) बघून जात ओळखता येत नसेल तर सिक्वेन्स (डीएनएच्या अक्षरांचा क्रम) हातात आल्यावर त्याला नाव काय देणार? ऑनलाइन डेटाबेसमध्ये चुकीच्या नावाने टाकलेले सिक्वेन्सही असतात, त्यामुळे ९९ टक्के मॅच आला म्हणून लगेच नाचू नका.

फिल्डवर रंग टिकावा म्हणून चतुर ॲसिटोनमध्ये ठेवतात ते ठीकच, पण एक पाय काढून ९५ टक्क्यांच्या वरच्या इथेनॉलमध्ये टाका, तेवढा पुरतो. दोन्ही बाटल्यांवर एकच नंबर आणि तो पेन्सिलनेच, शाई इथेनॉलमध्ये जाते. फॉर्मलिन अजिबात नको. आणि अभयारण्यात पकडणार असाल तर वनखात्याची परवानगी आधी, त्याला वेळ लागतो बाबांनो.

लॅबमध्ये नेहमीचा मार्कर म्हणजे सीओआय, मायटोकॉन्ड्रियातल्या जीनचा ६५८ बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा) तुकडा. त्याच्या कॉपी काढायला १९९४ चे फोल्मर प्राइमर (कॉपी कुठून सुरू करायची ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे) सगळे वापरतात पण चतुरांमध्ये कधीकधी जेलवर बँडच येत नाही, म्हणजे कॉपी झालेलीच नसते, मग ओडोनेटासाठी (चतुर-टाचण्यांचा गण) बदललेले प्राइमर मागवावे लागतात. सिक्वेन्स आला की प्रोटीनमध्ये ट्रान्सलेट करून बघा, मधेच स्टॉप कोडॉन (प्रोटीन इथे संपलं अशी खूण) दिसला तर रीडिंग फ्रेम, म्हणजे तीन-तीन अक्षरं कुठून वाचायला घेतली ते, तपासा, फ्रेम बरोबर असेल तर बहुतेक न्यूक्लिअर (पेशीकेंद्रातल्या) डीएनएमध्ये घुसलेली सीओआयची कॉपी वाचलीये तुम्ही.

आता खरी गंमत. आफ्रिकेत ट्रायथेमिस स्टिक्टिका ही चतुराची एकच जात समजत होते, तिथे जीन्सनी वेगळे गट दाखवले, मग रूप आणि अधिवासही त्या गटांशी जुळले आणि २००९ मध्ये मॉरिसोनी आणि पॅलुस्ट्रिस अशा दोन नव्या जाती आल्या. उलट युरोपातल्या सीनॅग्रिऑन प्युएला आणि पुल्केलम या टाचण्यांचे नर बघून वेगळे ओळखता येतात, पण सीओआय दोघींना वेगळं करतच नाही! मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडून येतो, जुना संकर झाला असेल तरी असं होऊ शकतं. म्हणून एखादा न्यूक्लिअर मार्कर सोबत घ्याच, आयटीएस वगैरे, आणि नुसत्या सीओआयच्या फरकावर नवी जात जाहीर करायला धावू नका.

पहिला प्रोजेक्ट म्हणून मी तर निम्फ (चतुरांची पाण्यातली पिल्लं) सुचवेन. ओढ्यातल्या कितीतरी निम्फ कुठल्या जातीच्या ते दिसण्यावरून सांगता येत नाही, त्याच ओढ्यावरचे प्रौढ नर नीट ओळखून बारकोड करा आणि निम्फशी जुळवा, डिझर्टेशनच्या वेळात बसतं.